सावता महाराजांच्या मळ्यात मिरची कुठून आली?



गेल्या आषाढात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि नेहमीसारख्या परसबागेच्या गप्पा सुरू झाल्या. एकीच्या मिरचीवर बोकड्या पडला होता, पानं पार आकसून गेली होती. कुणी म्हणालं आंबट ताक फवार, कुणी म्हणालं राख मार. तिसरी म्हणाली, आधी ते झाड उपटून लांब टाक, नाहीतर सगळी ओळ जाईल. तिसरीचं खरं होतं. बोकड्या पांढऱ्या माशीमुळे, फुलकिड्यांमुळे पसरतो आणि झाड एकदा पुरतं आकसलं की ताकाने ते सुधारत नाही.

मग एक काकू म्हणाल्या, "मिरची म्हंजी आपल्या मातीतलं पीक. सावता महाराजांच्या मळ्यात व्हती की. अभंगात नाय का येत?"

मी इतिहासात बी.ए. केलंय. त्याचा उपयोग बँकेचे फॉर्म भरण्यापलीकडे फारसा झाला नाही, पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, सावता महाराजांच्या काळात आपल्या देशात मिरचीच नव्हती." सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी कुणाची ठेव बुडवली. त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सांगते.

संत सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे. मळा हेच त्यांचं पंढरपूर. त्यांनी समाधी घेतली १२९५ साली. त्यांचा मळ्यावरचा तो अभंग आपण सगळ्याजणी दिंडीत म्हणतो, त्यात कांदा, मुळा, कोथिंबीर यांच्याबरोबर मिरचीचंही नाव येतं. आता मिरचीचा इतिहास बघा. मिरची मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची. तिथली माणसं ती हजारो वर्षं पिकवत होती. बाकी जगाला तिचा पत्ताच नव्हता. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ती समुद्रापार निघाली. वास्को द गामा १४९८ साली केरळात कालिकतला आला. १५०० साली पोर्तुगिजांचा पुढचा ताफा भारताकडे येताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, म्हणजे अमेरिका आणि आपला किनारा एकाच वाटेवर आले. १५१० साली त्यांनी गोवा घेतला. याच सुमाराला मिरची आपल्याकडे उतरली. सावता महाराजांनंतर दोनशे वर्षांनी.

मग अभंगात ती कशी? अभंग शेकडो वर्षं तोंडातोंडी चालत आलेत. वारीत म्हणणारी माणसं शेतकरी होती, बायका होत्या. कुणाच्या तरी तोंडून, कधीतरी, आपल्या परसात जे होतं ते अभंगात आलं असेल. किंवा त्या जागी आधी मिरीसारखा दुसरा एखादा शब्द असेल. हा माझा अंदाज आहे, आणि तो सांगताना मला महाराजांबद्दल काही कमी वाटत नाही. उलट गंमत वाटते, की परदेशातून आलेली वस्तू इतकी आपली झाली की ती थेट विठ्ठलापर्यंत पोचली.

हे होतानाही फार काळ लागला नाही. १५४२ साली जर्मनीतल्या लेओनहार्ट फुक्स नावाच्या वैद्याने वनस्पतींचं मोठं पुस्तक छापलं. त्यात मिरचीला त्याने कालिकतची मिरी म्हटलंय. म्हणजे पन्नास वर्षांत परदेशातल्या जाणत्या माणसालाही वाटायला लागलं की ही भारतातलीच. तर आपल्या काकूंचं काय चुकलं?

त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. मिरचीला नाव दिलं तेही मिरीवरूनच. ही नावं नीट ऐकली तर सगळा इतिहास त्यात आहे. नवीन पाहुणी आली की आपल्या बायकांनी तिला घरातल्याच कुणाचं तरी नाव दिलं. मिरीसारखी तिखट, ती मिरची. जमिनीत येणारा मूग, तो भुईमूग. तोही दक्षिण अमेरिकेतला. भोपळा म्हणजे आधी दुधी भोपळाच, मग अमेरिकेतून नवा आला तो लाल भोपळा. घेवडा आपला जुना, त्याच्या शेजारी येऊन बसला तो श्रावण घेवडा. त्यालाच शहरात फरसबी म्हणतात, ते फ्रेंच बीन या इंग्रजी नावाचं मराठमोळं रूप. काही पाहुणे स्वतःचं नाव घेऊनच आले. बटाटा, पपई, काजू, अननस, कोबी हे पोर्तुगिजांच्या तोंडचे शब्द. टोमॅटोचं नाव तर मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतून निघून इंग्रजांच्या वाटेने आपल्याकडे आलं, पण वऱ्हाडातली जुनी माणसं त्याला भेदरंच म्हणतात.

आता एक गोष्ट सांगते, ती पुढच्या एकादशीला आठवा. उपासाला काय करतो आपण? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथला. हिरवी मिरची तिथली. बटाटा तिथल्या डोंगरांतला. रताळं तिकडचं, राजगिऱ्याचं दाणं तिकडचं. ताटात आपलं जुनं उरलं ते जिरं, तूप आणि वरीचे तांदूळ. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग आमची आज्जी एकादशीला काय खात हुती, माती?" आजीची आजी खिचडी खात असेलही, पण तिच्या आजीच्या आजीच्या आजीला मात्र साबुदाणा माहीत नव्हता, एवढं नक्की.

आणि जुनं म्हणतो ते तरी सगळं इथलंच कुठे? ज्वारी, बाजरी, नाचणी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. चवळी आफ्रिकेतली. वांगं, काकडी, दोडका, शेवगा, तूर, उडीद, कुळीथ ही मात्र आपली, भारताच्या मातीतली. वांगं तर आपण जगाला दिलं.

आता मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. गोवा, चौल, वसई या बंदरांत जहाजं लागली हे पुस्तकात लिहिलंय. वसई पोर्तुगिजांनी १५३४ साली घेतली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकून परत घेतली, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. पण बंदरावर उतरलेलं मिरचीचं बी घाट चढून वर कुणी आणलं? पाणी नसलेल्या आपल्या तालुक्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, ते पहिल्यांदा कुणी लावलं? बी कधी काढायचं, रोप किती दिवसांचं झालं की हलवायचं, हे कुणी शोधलं? राजाने फर्मान काढून मिरची लावायला लावली नाही. तेव्हा कृषी खातं नव्हतं, पाकिटं नव्हती, तुमचा हा रेडिओ नव्हता. व्यापाऱ्यांनी माल आणला असेल, शेतकऱ्यांनी मळे लावले असतील. पण परसातली दोन-चार झाडं ही बाईची. एक बाई माहेरी गेली, येताना पदराच्या गाठीत बी घेऊन आली. दुसरी बाजाराला गेली, तिसरीच्या दारात थांबली, वेल बघितला, एक फळ मागून घेतलं. पाच-दहा पिढ्या हे चाललं आणि त्यातून आजची परसबाग झाली. याची नोंद कुणी केली नाही, कारण नोंद करणाऱ्याला परसात जायचं कारणच नव्हतं.

कुठे कुठे ती बाई क्षणभर दिसते मात्र. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. १५६३ साली त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं आणि ते गोव्यातच छापलं. पुस्तक गप्पांच्या रूपात आहे, दोन शहाणे पुरुष बोलतायत. मधेच अंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाने हाक मारली की ती झाडपाला, फळं आणून त्यांच्यापुढे ठेवते, विचारलं तर उत्तर देते, आणि जाते. पुस्तक ओर्ताच्या नावावर आहे आणि ते योग्यच, लिहिलं त्याने. पण कुठलं झाड कुठे आहे, हे त्या घरात अंतोनियाला माहीत होतं.

आपल्या बायकांनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांनी जे माहीत होतं ते सणावारात बांधून ठेवलं. ऋषिपंचमी घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराच्या शेतातलं नको, हाताने लावलेलं, परसातलं, आपोआप उगवलेलं चालेल. म्हणजे वर्षातून एक दिवस घराने फक्त बाईच्या हातच्या पिकावर जेवायचं. अळू, माठ, अंबाडी, दोडका. पुढे त्या भाजीत लाल भोपळा आला, मक्याचं कणीसही आलं, आणि ही दोन्ही अमेरिकेतली! ऋषींनाही पाहुणे चालले. नवरात्रात घट बसवतो, टोपलीत माती घालून धान्य पेरतो. ही पूजा आहेच, पण नऊ दिवसांत जाणती बाई बघायची, कुठलं बी किती उगवलं आणि कुठलं आळशी निघालं. रब्बीची पेरणी पुढे तोंडावरच असते.

बी ठेवायची कलाही अशीच. भोपळ्याचं, कारल्याचं बी राखेत घोळून गाडग्यात. दोडका वेलावरच वाळवायचा आणि वळचणीला टांगायचा. वालाचं बी कडुलिंबाच्या पाल्यात. वाळकाचं बी ताज्या शेणात कालवून भिंतीला गोवरी थापायची आणि पेरायच्या दिवशीच फोडायची. माझी आजी सांगायची, १९७२च्या दुष्काळात घरात मिलो खाऊन दिवस काढले, पोरं सुकडीच्या रांगेत उभी राहिली, पण उतरंडीतल्या सगळ्यात खालच्या मडक्याला सासूने कुणाला हात लावू दिला नाही. त्यात बी होतं. आजीला त्या सासूचा राग होता, शेवटपर्यंत होता. तिचं एक मूल त्या वर्षी फार खंगलं होतं. मूठभर चवळी शिजवली असती तर, असं ती म्हणायची. मला यात कोण बरोबर होतं ते आजही ठरवता येत नाही.

आता माझी चूक सांगते.

पाच वर्षांपूर्वी एका योजनेतून गटांना परसबागेसाठी बियाण्याची पाकिटं आली. मी समन्वयक, मीच मोटारसायकलवर मागे बसून घरोघर वाटली. पाकिटावर चित्रं सुंदर होती. पहिल्या वर्षी पीकही झकास आलं, फोटो काढले, ते वर पाठवले, माझं कौतुक झालं. बायांनी घरची गाडगी बाजूला सारली. कशाला ती किडकी बियाणी, असं मीच म्हणाले होते. दुसऱ्या वर्षी पाकिटं आली नाहीत. बायांनी रीतीप्रमाणे स्वतःच्या फळांतून बी धरलं होतं, तेच लावलं. टोमॅटोची दोन झाडं एकसारखी नव्हती. काकडीचे वेल नुसतेच पसरले, फळ धरलं ते आखूड आणि वाकडं. बाया माझ्याकडे बघायला लागल्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, "संकरित". संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम केलेला संकर. पहिली पिढी जोमदार येते, पण तिचं बी धरून पुन्हा लावलं तर एक झाड आईवर जातं, एक बापावर, एक कुणावरच नाही. १९६०च्या दशकापासून आपल्या राज्यात हायब्रीड ज्वारी आली, मग कापूस, मग भाजीपाला. त्याने उत्पन्न वाढलं हे खोटं नाही, आणि विकायला माल लावणारीने ते बी जरूर घ्यावं. पण दर वर्षी विकत घ्यावं लागेल हे मी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मी पाकिट उलटं करून वाचलंच नव्हतं.

तोपर्यंत गाडगी फुटली होती, कुठे उंदीर लागले होते. सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती वाळकाची. पूर्वी बाजरीच्या पाट्यात वाळूक असायचंच. आमच्या गावात तीस घरं विचारली, कुणाकडे बी नाही.

एका आजींकडे निघालं. त्यांचं घरकुलाचं पक्कं घर झालंय, पण गोठ्याकडची जुनी मातीची भिंत त्यांनी पाडू दिली नव्हती. लेक रोज चिडायचा. त्या भिंतीवर गोवरी होती, धुराने काळी पडलेली. मी फोडू का विचारलं तर म्हणाल्या, "थांब, मृग लागू दे." मृगात फोडली. सतरा बिया निघाल्या, नऊ उगवल्या. त्यांनी मला शिकवलं की वेलाचं पहिलं फळ बियाला ठेवायचं नाही आणि शेवटचंही नाही. मधलं, सरळ, कीड नसलेलं फळ वेलावरच पिवळं होऊ द्यायचं. मी त्यांना सांगितलं, आजी, शेजारी दुसऱ्या जातीची वाळकं असतील तर मधमाशी परागकण मिसळवते, बियाचं वाळूक लांब लावा. त्या म्हणाल्या, "म्हायती हाय. म्हनून तर गोठ्यामागं लावलं."

मिरची परदेशी असल्याचं मी त्यांनाही सांगून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "असंल बाई. मला तर माझ्या आत्यानं दिली."

या आजी विधवा आहेत, चाळीस वर्षं झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या कुठेच जात नाहीत, कुणी बोलावतच नाही. आता शब्द बघा. बियाण्याच्या जातीला आपण वाण म्हणतो आणि संक्रांतीला बाई बाईला देते तेही वाण. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे असं माझं म्हणणं नाही, पण सुगडात आपण घालतो काय? हरभरा, गाजर, बोरं, ओंब्या, ऊस. रानातलं आणि परसातलंच ना? आणि ज्या बाईकडे गावातलं शेवटचं वाण आहे, तिच्या हातात वाण द्यायचं नाही! २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, पुढे सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आमच्या गावात तसा ठराव झालेला नाही. आम्ही गटापुरतं ठरवलं, की संक्रांतीला प्लास्टिकचे डबे-वाट्या लुटायच्या नाहीत, बियाण्याच्या पुड्या लुटायच्या. आणि बोलवायचं सगळ्यांना.

गेल्या संक्रांतीला ते केलं. चौघी आल्या नाहीत. एकीच्या सासूने निरोप पाठवला की असलं वाण आमच्यात चालत नाही. आजी आल्या, पण दाराशीच बसल्या, आत या म्हटलं तरी येईनात. शेवटी पुड्या घेऊन सगळ्याजणी दारात जाऊन बसल्या. एकवीस जातींचं बी जमलं.

तुमच्यापैकी कुणाला वाटेल, बी असं वाटलं तर कायद्यात अडकू का? नाही. २००१ साली आपल्या संसदेने वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे. फक्त कंपनीसारखं छाप मारून, नाव लावून विकता येत नाही. २०१९ साली गुजरातमधल्या काही शेतकऱ्यांवर एका मोठ्या कंपनीने बटाट्याच्या जातीवरून दावे लावले होते, ते त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊकच आहेत. शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईने घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या संक्रांतीला पुन्हा जमायचंय. येताना बी कागदाच्या पुडीत आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. पुडीवर पिकाचं नाव लिहा, बी कुठल्या महिन्यात धरलं ते लिहा आणि तुम्हाला ते कुणी दिलं तिचं नाव लिहा. आई, मावशी, शेजारीण, जी कुणी असेल ती. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून घेते. दोडका आणताय तर सोबत हेही सांगा की त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, नव्या मुलींना ते माहीत नसतं आणि त्या सकाळी फूल मिटलेलं बघून वेल वाया गेला म्हणतात.

आणि एक मागणं आहे. आमच्याकडची लांब शेंगेची, तांबड्या दाण्याची चवळी संपली. दाण्याच्या डोळ्याभोवती पांढरा ठिपका असायचा, शेंग हातभर व्हायची. आजूबाजूच्या गावांत कुणाकडे असेल तर पाच दाणे द्या. आम्ही वाळूक देऊ.